बुद्धिबळपटू मुलीची हेरकथा: महायुद्धात घालावी की शीतयुद्धात?

नऊ ते तेरा वर्षांच्या वाचकांसाठी हेरकथा लिहायची आणि नायिका बुद्धिबळ खेळणारी मुलगी, एवढं ठरलं की लगेच काळाचा पेच पडतो. बहुतेकांना आधी सुचतं ते दुसरं महायुद्ध. संकेतलिपी, अंधारलेली शहरं, ओळखून असलेला शत्रू, सगळं तयारच असतं. दुसरा पर्याय शीतयुद्धाचा: सुटाबुटातली माणसं, हॉटेलांचे लांब कॉरिडॉर, आणि जगज्जेतेपदाच्या लढतीकडे देशाच्या अब्रूचा प्रश्न म्हणून पाहणारी सरकारं. आजचा काळ हा तिसरा पर्याय आहे, पण त्याला फार वेळ द्यावा असं मला वाटत नाही.

निवडताना मी एकच कसोटी लावतो. नायिकेच्या हातातला पट काढून तिला व्हायोलिन दिलं तर गोष्ट तशीच चालते का? चालत असेल, तर बुद्धिबळ नुसतं मुखपृष्ठापुरतं आहे. बुद्धिबळ खेळणारा वाचक हे चौथ्या-पाचव्या प्रकरणापर्यंत ओळखतो.

या कसोटीवर महायुद्धातलं सर्वांत मोहात पाडणारं ठिकाणच गडगडतं. ते म्हणजे ब्लेचली पार्क, जर्मन सांकेतिक संदेश फोडणारं ब्रिटनचं गुप्त केंद्र. बुद्धिबळाशी त्याचं नातं खरं आहे. ह्यू अलेक्झांडर, स्टुअर्ट मिल्नर-बॅरी, हॅरी गोलोम्बेक हे इंग्लंडचे आघाडीचे खेळाडू तिथे कामाला होते. डिसेंबर १९४४ मध्ये ब्लेचलीच्या संघाने ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संघाला ८-४ असं हरवलं होतं. कामाला माणसं आणि साधनं अपुरी पडत होती तेव्हा, ऑक्टोबर १९४१ मध्ये, ॲलन ट्युरिंग, गॉर्डन वेल्चमन, अलेक्झांडर आणि मिल्नर-बॅरी या चौघांनी वरिष्ठांना वळसा घालून थेट चर्चिलला पत्र लिहिलं. मिल्नर-बॅरी ते घेऊन रेल्वेने लंडनला गेला आणि पंतप्रधानांच्या कचेरीत देऊन आला. बालकादंबरीत हा प्रसंग अगदी शोभून दिसेल.

पण तिथे तेरा वर्षांची मुलगी करणार काय? ब्लेचलीत काम करणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश बायका होत्या, आणि त्या काळी ब्रिटनमध्ये चौदाव्या वर्षी शाळा सोडून नोकरी धरता येत असे. त्यामुळे तिचं वय एका वर्षाने वाढवलं, तर निरोप पोचवणारी पोरगी म्हणून तिला आत घुसवता येईल. अडचण पुढे सुरू होते. तिथला कारभारच असा होता, की प्रत्येकाला आपल्या टेबलावरचा तुकडा तेवढा दिसावा, शेजारच्या खोलीत काय चाललंय त्याचा पत्ता लागू नये. साहसकथेची नायिका हिंडती हवी, आणि ही जागा माणसाला खुर्चीत बसवून ठेवते. शिवाय संकेत फोडणं हे गणिताचं, यंत्रांचं आणि अफाट चिकाटीचं काम. जानेवारी १९४२ मध्ये ‘डेली टेलिग्राफ’ने शब्दकोडं बारा मिनिटांत सोडवण्याची स्पर्धा ठेवली, आणि त्यातल्या काही जणांना पुढे युद्धखात्याचं बोलावणं आलं. म्हणजे पटाच्या जागी शब्दकोडं ठेवलं तरी तिचा ब्लेचलीतला प्रवेश पक्का. माझी कसोटी इथेच संपते.

महायुद्धच हवं असेल, तर ब्लेचली सोडून दोन वर्षं मागे, अर्जेंटिनात जा. ऑगस्ट १९३९ मध्ये ब्वेनोस आयरीसला बुद्धिबळ ऑलिंपियाड भरलं होतं. युरोपातले बरेच संघ अँटवर्पहून एकाच बोटीने तिथे गेले. स्पर्धा चालू असतानाच १ सप्टेंबरला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. बोटीवर एका टेबलावर जेवलेली माणसं एका रात्रीत शत्रुराष्ट्रांची नागरिक झाली. इंग्लंडचा संघ स्पर्धा सोडून परतला. वर सांगितलेले तिन्ही ब्लेचलीकर त्याच संघात होते. जर्मनी-पोलंड सामना पटावर न खेळताच २-२ असा नोंदवून टाकला. मागे राहिलेल्यांची पंचाईत वेगळीच होती. पोलंडचा मिगेल नायदोर्फ अर्जेंटिनातच अडकला. त्याने १९४३ मध्ये रोसारिओ शहरात पटाकडे न पाहता, नुसत्या आठवणीवर, एकाच वेळी ४० पटांवर डाव खेळले. ही बातमी जगभर छापून येईल, घरच्यांपर्यंत पोचेल आणि आपण जिवंत असल्याचं त्यांना कळेल, अशी आशा होती असं तो पुढे सांगत असे. घरचे मात्र नाझींच्या संहारात गेले होते.

इथे बुद्धिबळाच्या जागी व्हायोलिन ठेवून बघा, जमत नाही. कोण कुठल्या देशाकडून खेळतो, कोणता सामना रद्द होतो, परतीच्या बोटीत कोण चढतो आणि कोण चढत नाही, हे सगळं स्पर्धेच्या तक्त्यातूनच निघतं. मुलगी तिथे का आहे हा प्रश्नही येत नाही, कारण महिलांची जगज्जेतेपदाची स्पर्धा त्याच वेळी त्याच शहरात चालू होती. ती वेरा मेन्चिकने जिंकली, १९२७ पासूनचं पद राखलं. पुढे जून १९४४ मध्ये लंडनमध्ये घरावर उडता बॉम्ब पडून ती, तिची आई आणि बहीण ठार झाल्या. हा काळ निवडलात तर असे मृत्यू गोष्टीच्या आसपास राहणारच. दहा वर्षांच्या वाचकाला ते सोसतं, त्याबद्दल मला शंका नाही. पण मग गोष्टीचा सूर सतत खेळकर ठेवता येत नाही.

महायुद्धातली आणखी एक बिनतोड कल्पना टपालाची आहे. अमेरिकेच्या टपाल तपासणी खात्याने युद्धकाळात परदेशाशी पत्राने बुद्धिबळ खेळायला बंदी घातली होती. कार्डावरच्या चाली म्हणजे गुप्त संदेश नाहीत, याची खात्री कोण देणार? आता अशी मुलगी डोळ्यांसमोर आणा, जी दुसऱ्या देशातल्या अनोळखी माणसाशी महिनोन्‌महिने पत्राने डाव खेळते आहे, आणि एके दिवशी पत्रं बंद होऊन दारात दोन माणसं उभी राहतात. ती निर्दोष आहे हे तिला माहीत आहे. समोरचा खेळाडू निर्दोष आहे का, हे मात्र तिला त्याच्या जुन्या चाली पुन्हा मांडूनच शोधावं लागणार. एवढ्यावर अख्खी कादंबरी उभी राहते, आणि तिला घराबाहेर फार जावंही लागत नाही.

इतकं असूनही माझा कौल शीतयुद्धाला आहे. त्याचं पहिलं कारण तहकूब डाव.

आजच्या मुलांना ही पद्धत ठाऊक नसते, म्हणून थोडं सविस्तर. त्या काळी मोठ्या स्पर्धांत साधारण पाच तासांत डाव संपला नाही तर तो दुसऱ्या दिवसावर ढकलत. ज्याची पाळी असे तो आपली चाल पटावर करत नसे. ती कागदावर लिहून लिफाफ्यात घालायची, पंचाने लिफाफा बंद करून आपल्याजवळ ठेवायचा. रात्रभर दोन्ही बाजूंचे मदतनीस त्याच स्थितीवर डोकं घालून बसत. फरक इतकाच, की बंद चाल एका बाजूला माहीत आणि दुसरीला नाही. सकाळी पंच लिफाफा फोडणार. चाल संदिग्ध किंवा बेकायदा लिहिली असेल तर डाव गेला. संगणकाची ताकद वाढल्यावर, १९९० च्या दशकात, ही पद्धत मागे पडली.

हेरकथेला याहून चांगलं यंत्र कोणी बनवून देणार नाही. एक गुपित, एक लिफाफा, एक रात्र. आणि बालनायिकेसाठी यातली खरी गंमत अशी, की तिला लिफाफा चोरावाच लागत नाही. स्थिती पाहून, खेळाडूने ती चाल लिहायला किती वेळ घेतला ते आठवून, त्याचे मदतनीस जेवणाच्या टेबलावर निवांत होते की गप्प, एवढ्यावरून ती चाल ओळखू शकते. कुलूप तोडणारी मुलगी कुठल्याही गोष्टीत सापडेल. अशी मुलगी फक्त बुद्धिबळाच्या गोष्टीतच असू शकते.

दुसरं कारण, खऱ्या घटनाच इतक्या विचित्र आहेत की मुलं त्या खोट्या समजतील. आइसलँडमधल्या रेक्याविकला १९७२ मध्ये अमेरिकेचा फिशर आणि सोव्हिएत संघाचा स्पास्की यांची जगज्जेतेपदाची लढत चालू असताना, फिशरच्या बाजूने सभागृहात काही विद्युत उपकरणं लपवल्याचा संशय सोव्हिएत पथकाने जाहीर केला. खुर्च्यांचे एक्स-रे काढले, दिवे उघडून पाहिले. सापडल्या त्या दिव्यातल्या दोन मेलेल्या माशा. फिलिपिन्समधल्या बागियोला १९७८ मध्ये सोव्हिएत जगज्जेता कार्पोव्ह आणि देश सोडून आलेला कोर्चनॉय यांच्या लढतीत तर कहर झाला. खेळ चालू असताना कार्पोव्हला दह्याची वाटी आली, त्यावर कोर्चनॉयच्या गोटाने हरकत घेतली की ही वाटी म्हणजे सांकेतिक सूचना असू शकते. प्रेक्षकांत बसलेला एक मानसतज्ज्ञ टक लावून पाहतोय म्हणून वाद झाला. कोर्चनॉय आरशासारख्या काचांचा चष्मा घालून खेळायला बसला. ३२ डाव चालली ती लढत. दह्याच्या रंगाचा अर्थ लावत बसलेले प्रौढ, आणि या सगळ्यांत पटाकडे बघणारी एकटी मुलगी: विनोदी प्रकरण जवळजवळ लिहूनच तयार आहे.

त्या विनोदाखाली धग आहे, ती विसरू नका. कोर्चनॉय १९७६ मध्ये ॲमस्टरडॅमला स्पर्धा खेळून मायदेशी परतलाच नाही; त्याचं कुटुंब मागे सोव्हिएत संघात अडकलं आणि मुलाला श्रमछावणीत जावं लागलं. वाचकाला समजवायला हाच भाग अवघड. महायुद्धात शत्रू कोण ते सांगावं लागत नाही. इथे मात्र माणूस स्वतःच्याच घरी परतायला का घाबरतो, हे आधी पटवावं लागतं. पाठ्यपुस्तकी परिच्छेद टाकलात तर मुलं पान उलटतील. पासपोर्ट दाखवा. परदेशी पोचताच पथकप्रमुख सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करून आपल्या बॅगेत ठेवतो, इतकं एक दृश्य पुरतं.

नायिकेच्या वयाचा प्रश्नही या काळात आपोआप सुटतो. बागियोची लढत झाली त्याच १९७८ मध्ये जॉर्जियाची माया चिबुर्दानिद्झे सतराव्या वर्षी महिलांची जगज्जेती झाली. थेस्सालोनिकीच्या १९८८ च्या ऑलिंपियाडमध्ये हंगेरीच्या महिला संघाने सोव्हिएत संघाला मागे टाकून सुवर्ण जिंकलं. त्या संघात तिघी पोल्गार बहिणी होत्या, आणि धाकटी यूडिट बारा वर्षांची होती. तिने १३ डावांत १२.५ गुण केले. लोखंडी पडद्यापलीकडची बारा वर्षांची मुलगी परदेशी हॉटेलात काय करते आहे, हे कुणी विचारलं तर उत्तर भिंतीवरच्या गुणतक्त्यावर आहे. आणि तिच्याकडे सुटातली माणसं दुर्लक्ष करणार. हेराला याहून काय हवं?

आता एक कल्पना, जी दोन्ही काळांत चालते पण शीतयुद्धात जास्त फुलते: डावातूनच निरोप पाठवणं. पहिल्या चालीला पांढऱ्याकडे २० पर्याय असतात. डाव मध्यावर आला की साधारण तीस-चाळीस. पर्यायांना आधी ठरलेल्या क्रमाने आकडे दिले, तर मध्यावरच्या एका चालीत रोमन लिपीचं एक अक्षर मावतं. डाव दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छापून येतो, म्हणजे निरोप उघड्यावर जगभर जातो आणि कुणाला कळत नाही. पण निरोपाला हवी असलेली चाल ही चांगली चाल असतेच असं नाही. निरोप पुरा करायचा तर वजीर फुकट द्यावा लागेल, वजीर वाचवला तर निरोप अर्धा राहील. हा प्रसंग ज्या प्रकरणात येईल ते कादंबरीतलं सर्वांत चांगलं प्रकरण ठरेल, फक्त स्थिती खरी मांडा. निदान दोन आकृत्या छापा.

दोन्हीकडे एक सापळा आहे. नायिकेला ‘सगळं काही आठवतं’ असं करू नका. मानसशास्त्रज्ञ चेस आणि सायमन यांनी १९७३ मध्ये दाखवलं, की खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद पाहून कसलेला खेळाडू ती बऱ्यापैकी पुन्हा मांडतो. तीच मोहरी वाटेल तशी विखुरली तर त्याची गत नवख्यासारखीच होते. म्हणजे तिला गाडीचे नंबर किंवा कागदांवरचे आकडे पाठ होणार नाहीत. हॉटेलच्या दिवाणखान्यात मांडलेला पट मात्र तिला खटकेल. समजा पांढरा उंट ए१ वर आहे आणि पांढरं प्यादं अजून बी२ वर, जागचं हललेलंच नाही. हा उंट त्या कोपऱ्यात जाऊच शकत नाही. कोपऱ्यात शिरायचं एकमेव तिरपं घर त्या प्याद्याने पहिल्यापासून अडवलंय. म्हणजे हा डाव खेळून झालेला नाही, कुणीतरी तो मांडून ठेवलाय. का?

आजचा काळ घेतलात तर फोन खेळण्याच्या दालनाबाहेर ठेवावा लागतो, दारात धातुशोधक असतो, आणि चांगली चाल कुठली हे खिशातल्या यंत्राला नायिकेआधी कळतं. त्यामुळे गोष्ट हेरगिरीकडून लबाडी पकडण्याकडे वळते. तसा मसाला आहे: २०१० च्या खांटी-मान्सियस्क ऑलिंपियाडमध्ये फ्रेंच संघाचा प्रशिक्षक ठरावीक टेबलांमागे उभा राहून आपल्या खेळाडूला घरं सुचवत होता, असं त्यांच्याच महासंघाने ठरवून कारवाई केली. चुरचुरीत लघुकादंबरी होईल. मोठी मालिका काढायचा विचार असेल तर तिथे जाऊ नका.

तेव्हा अकरा ते तेराच्या वाचकासाठी, विनोद आणि धोका दोन्ही हवे असतील, तर १९७२ ते १९८८ मधली एखादी स्पर्धा आणि तहकूब डाव. वाचक नऊ-दहाचा असेल आणि शत्रू समजावत बसायचं नसेल, तर १९३९ ची बोट किंवा टपालाचा डाव. काळ कुठलाही घ्या, चित्रकाराला मात्र पहिल्याच दिवशी सांगा, की प्रत्येक खेळाडूच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यातलं घर पांढरं असतं. मुखपृष्ठावर पट नव्वद अंशांनी फिरलेला दिसला, की बुद्धिबळ शिकलेला वाचक उरलेलं पुस्तक चुका शोधतच वाचतो.