नऊ बाय बाराचा ‘जुना कझाक’ : एका फसवणुकीची उलटतपासणी

बिलावर चार गोष्टी होत्या : जुना कझाक गालिचा, सन १८८४, नैसर्गिक रंग, माप ९ बाय १२ फूट. घेणाऱ्यांनी तो दिवाणखान्यासाठी घेतला आणि किंमत जुन्या गालिच्याची मोजली. गालिचा निघाला नवा, पाकिस्तानात विणलेला. हीच विक्री याच शब्दांवर पुन्हा पुन्हा होत असते. म्हणून त्यातला एकेक शब्द उलटून दाखवतो.

फसवणुकीची सुरुवात खोलीच्या मापापासून झाली. सोफासेटच्या मध्ये नऊ बाय बाराच हवा, असं सजावटकाराने सांगितलं आणि शोध सुरू झाला. पण कॉकेशसमधला (काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्र यांच्यामधल्या डोंगराळ प्रदेशातला) एकोणिसाव्या शतकातला कझाक साधारणपणे चार ते सहा फूट रुंद आणि सहा ते आठ फूट लांब असतो. गावातल्या घरात मावेल एवढ्या मागावर तो विणलेला असतो. कॉकेशसच्याच पूर्वेकडच्या शिरवान भागातले बरेच गालिचे तर याहूनही लहान, चार बाय पाचच्या आसपासचे. पट्टीसारखे लांब गालिचे मिळतात, पण ते अरुंद असतात. दिवाणखानाभर पसरणारा जुना कझाक अगदी क्वचित दिसतो आणि तसा दिसलाच तर त्याच्या मागे लेखी इतिहास असतो. तेव्हा ‘मोठ्या मापाचा, जुना आणि चांगल्या अवस्थेतला’ हे तिन्ही एकत्र ऐकलं की तिथेच थांबा.

आता नाव. कझाक म्हणजे कझाकस्तानचा नव्हे. आजच्या अझरबैजानच्या पश्चिम टोकाला, जॉर्जिया आणि आर्मेनियाच्या सीमांजवळ गझाख नावाचा भाग आहे. त्या डोंगराळ पट्ट्यातल्या जाड, लांब लवेच्या गालिच्यांना व्यापाऱ्यांनी हे नाव दिलं. पुढे ते नक्षीचं नाव झालं. पेशावरच्या परिसरात अफगाण निर्वासितांनी विणलेले, तसेच आपल्याकडे जयपूर-भदोहीकडे विणलेले गालिचेही आज ‘कझाक’ म्हणूनच विकले जातात. यात गैर काही नाही, माल चांगला असतो. गैर आहे ते त्या नावापुढे ‘जुना’ हा शब्द चिकटवणं. दुकानदार मग वर एक गोष्टही सांगतो, भटक्या टोळीतल्या मुलीने स्वतःच्या लग्नासाठी विणल्याची. खरं तर १८८३ मध्ये कॅस्पियनकाठच्या बाकूपासून काळ्या समुद्रावरच्या बातुमी बंदरापर्यंतचा लोहमार्ग पूर्ण झाल्यावर कॉकेशसचे गालिचे काळ्या समुद्रावरून युरोप-अमेरिकेकडे मोठ्या प्रमाणात जाऊ लागले. त्या काळातले कितीतरी गालिचे गावातल्या बायकांनी विक्रीसाठीच विणले होते. त्याने त्यांचं सौंदर्य तसूभरही कमी होत नाही. पण लग्नाच्या गोष्टीचे पैसे देऊ नका.

या गालिच्यावर साल विणलेलं होतं, हिजरी १३०२. हिशोब बरोबर होता : हिजरी सालातून त्याचा तेहतिसावा भाग वजा करून ६२२ मिळवले की १८८४-८५ येतं. पण नक्कल करणारा जुन्या गालिच्याचा फोटो समोर ठेवून विणतो, तेव्हा सालासकट विणतो. दुसरी युक्ती याहून वाईट आहे. अरबी लिपीत लिहिलेल्या दोन आणि तीन या अंकांमध्ये वरच्या एका दात्याचाच फरक असतो. चार-पाच गाठी (गालिच्याची लव याच गाठींची बनते) उपटून पार्श्वभूमीच्या रंगाच्या घातल्या की १३२२ चं १२२२ होतं, म्हणजे १९०४ चा गालिचा एका दुपारीत १८०७ चा होतो. यासाठी अंकांची मागची बाजू भिंगातून पाहा. नव्या गाठींची लोकर फुगीर दिसते, रंगाची छटा किंचित वेगळी लागते आणि ओळ थोडी सरकलेली असते. (आकडे उलटे, आरशात दिसावेत तसे असले तर घाबरू नका. अंक न वाचता येणारी विणकर नक्षी म्हणूनही ते उतरवत असे.)

तिसरा शब्द ‘नैसर्गिक रंग’. या गालिच्यात तो बहुतेक खरा होता, आणि म्हणूनच जास्त घातक. मंजिष्ठाचा लाल आणि निळीचा निळा सापडला म्हणजे गालिचा जुना, ही समजूत निदान चाळीस वर्षं जुनी झाली आहे. तुर्कस्तानात १९८१ पासून नैसर्गिक रंगांचं पुनरुज्जीवन सुरू झालं आणि पुढे ते अफगाण-पाकिस्तानी उद्योगातही रुजलं. उलट १८८४ च्या खऱ्या गालिच्यात एखादा कृत्रिम रंग असू शकतो. फुक्सिन हा जांभळट गुलाबी रंग १८५९ पासून बाजारात आहे. तो उजेडात राखाडी-तपकिरी पडतो, पण गाठीच्या मुळाशी गुलाबीच राहतो.

म्हणून लव बोटांनी फाकवा आणि टोक, मध्य, मूळ असे तिन्ही ठिकाणचे रंग पाहा. सावकाश विटलेल्या लोकरीत रंग हळूहळू गडद होत मुळाकडे जातो. क्लोरीन आणि कॉस्टिक सोड्यामध्ये धुतलेल्या नव्या गालिच्यात टोकाला फिकट पट्टा असतो आणि त्याखाली एकदम ठसठशीत रंग, मध्ये रेघ मारल्यासारखी सीमा. लोकरही कोरडी लागते, तिची नैसर्गिक चकाकी आणि तुकतुकी गेलेली असते.

काळ्या-तपकिरी रेषांवर तर सगळ्यात जास्त वेळ घालवा. तो रंग लोहाच्या क्षाराने बसवत. लोहाने लोकर कुजत जाते, त्यामुळे जुन्या गालिच्यात काळ्या जागा आजूबाजूपेक्षा खोल गेलेल्या दिसतात. ठग हे जाणतात आणि नव्या गालिच्यातली काळी लव कात्रीने खाली उतरवतात. खरी झीज वेडीवाकडी असते : पायाखाली आलेल्या जागी जास्त, कडेच्या जागी कमी, आणि टोकं झिजून गोलसर झालेली. कात्रीची झीज सगळीकडे सारख्या उंचीची, टोकं सपाट. या गालिच्यात चारही कोपऱ्यांत ती एकसारखी होती. एवढं एकच लक्षण पाहिलं असतं तरी पैसे वाचले असते.

मग गालिचा उलटा करा. पुढची बाजू विकण्यासाठी सजवलेली असते, मागची लपवायला कठीण जाते. कझाकचा ताणा (मागावर ताणलेले उभे धागे) लोकरीचा असतो, बऱ्याचदा न रंगवलेल्या पांढऱ्या-तपकिरी लोकरीचा. बाणाही (आडवे धागे) लोकरीचाच, बहुधा लाल रंगवलेला, आणि गाठींच्या दोन ओळींमध्ये त्याचे दोन किंवा अधिक फेरे. दशांमधला एक धागा काढून जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा भुरूभुरू जळून मऊ राख होते. लोकर केस जळाल्यासारखी वास मारते आणि काळा, चुरडणारा मणी उरतो. इथे ताणा सुती होता. ‘दशा नंतर लावल्या’ असं उत्तर मिळालं. पण दशा म्हणजे ताण्याचीच टोकं. वेगळ्या शिवलेल्या असतील तर शिवणीचा टाका दिसतो आणि धागा गाठींच्या आत जात नाही. इथे तो थेट आत जात होता. शिरवानमध्ये सुती बाणा चालतो, म्हणून कापूस दिसला की खोटा, असा सरसकट निष्कर्ष काढू नका. कुठल्या भागाच्या नावाने विकतोय, ते आधी विचारा.

गाठीही पाहा. कॉकेशसमध्ये तुर्की गाठ बांधतात, म्हणजे लोकर ताण्याच्या दोन्ही धाग्यांना वेढा घालून मधून बाहेर येते. गालिचा ओळीला समांतर दुमडून लव फाकवली की दोन धाग्यांवर आडवा पडलेला लोकरीचा पट्टा दिसतो. पाकिस्तानी नकलेत अनेकदा फारसी गाठ सापडते, म्हणजे पूर्ण वेढा एकाच धाग्याला असतो. एका चौरस इंचात कझाकमध्ये साधारण ४० ते ८० गाठी येतात, शिरवानमध्ये शंभराच्या वर. कझाक म्हणून विकताना ‘गाठी किती बारीक बघा’ असं कोणी कौतुक करू लागला तर तो स्वतःच्याच विरुद्ध साक्ष देतोय.

माग अस्सल, लोकर अस्सल आणि तरीही फसवणूक, हा प्रकार वेगळा. जळकी कड कापून टाकलेली, दोन तुकडे जोडलेले, झिजलेल्या जागी ताण्यावर पेनाने रंग भरलेला. पांढरं सुती फडकं ओलं करून पिळा आणि झिजलेल्या जागी अर्धा मिनिट दाबून धरा. पेनाचा रंग फडक्यावर उतरतो. काठाच्या पट्ट्या चारही बाजूंना मोजा. एका टोकाला तीन आणि दुसऱ्याला दोन असतील तर कापाकापी झाली आहे.

बिलात पाच गोष्टी दुकानदाराच्या हातून लिहून घ्या : विणल्याचा देश, अंदाजे दशक, ताणा-बाणा कशाचा, दुरुस्ती कुठे कुठे, आणि दुसऱ्या जाणकाराने यातलं काही खोडून काढलं तर किती दिवसांत पूर्ण पैसे परत. ‘जुना कझाक’ एवढ्यावर दाद मागणं फार अवघड जातं. ‘अझरबैजान, १८८० चं दशक, लोकरीचा ताणा’ यावर मागता येते. गालिचा परदेशातून आणणार असाल तर तिथला निर्यात परवाना मागा. अझरबैजानची राजधानी बाकू इथून गालिचा बाहेर नेताना तो लागतो, आणि ‘परवान्याची गरज नाही’ म्हणणारा माणूस जुना माल विकत नसतो.

राहिली ती मोठी खोली. नऊ बाय बाराची साधी, एकरंगी शतरंजी किंवा तागाची चटई अंथरा आणि तिच्यावर पाच बाय सातचा खरा गालिचा मधोमध ठेवा, मध्ये लोकरीच्या नमद्याचं अस्तर. जेवणाच्या टेबलाखाली तो नको, खुर्च्यांचे पाय लव खातात. फार झिजलेला असेल तर भिंतीवर लावा, पण खिळे ठोकू नका. दोन इंच रुंद सुती पट्टीवर वेल्क्रो शिवून ती पट्टी मागून ताण्याच्या धाग्यांना टाके घालून बसवा, आणि ताणा उभा राहील असाच गालिचा टांगा. थेट ऊन नको. पावसाळ्यात महिन्यातून एकदा खाली घेऊन मागची बाजू ब्रशने झाडा. कसर नेहमी तिथे, अंधारात आणि दमट जागेतच लागते.