पाटीवरच्या नावाला ब्रशचा फॉन्ट: यात्रा, कलम की बलू?

रसवंती असो, ढाबा असो की लातूरची एखादी ॲकॅडमी, नाव ठसठशीत आणि हाताने रंगवल्यासारखं मोकळं हवं असेल तर गूगल फॉन्ट्सवरचे हे तीन फॉन्ट आधी बघा. तिन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, त्यामुळे धंद्याच्या पाटीला वापरायला पैसे लागत नाहीत.

यात्रा वन मुंबई लोकलच्या रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलेला आहे. चपट्या ब्रशचा जाड-बारीकपणा या तिघांत यालाच आहे. खानावळ किंवा पैठणीच्या दुकानाला तो शोभतो, पण वजन (म्हणजे अक्षराची जाडी) एकच, म्हणून पत्ता आणि फोन यात टाकू नका. ते 'मुक्त' या साध्या फॉन्टमध्ये बरे. कलम मार्करने भरभर लिहिल्यासारखा दिसतो. मेन्यू, हँडबिल, भावफलक यांना उत्तम. लांबून मात्र त्याचा बोल्डही बारीक वाटतो. बलू २ मध्ये ब्रशचा फटकारा नाही, गोलसर जाडी आहे, आणि ४०० ते ८०० अशी पाच वजनं मिळतात. नांदेड रोडवर धावत्या गाडीतून वाचायचं असेल तर आम्ही बलूचं ८०० घेऊ. गुलमंडीसारख्या बाजारात पायी येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी यात्रा.

नमुन्यात 'अआइई' बघून ठरवू नका, स्वतःचं नाव टाइप करा. सोबत 'शुभेच्छा', 'उद्घाटन', 'ॲकॅडमी', 'शेतकऱ्यांसाठी' हे शब्दही टाका. च्छ नीट जुळतो का, ॲच्या जागी चौकोन येतो का, ऱ्या बरोबर बसतो का, हे लगेच कळतं. ल आणि श मराठी वळणाचे आहेत का तेही बघा. हिंदी वळणाचा ल 'लातूर'च्या पहिल्याच अक्षराला खुपतो.

खरी गडबड छपाईच्या दुकानात होते. जुन्या कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मराठी (मोबाइलवर टाइप होते तीच) नीट बसत नाही: पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते, जोडाक्षरं फुटून हलंत दिसतो. श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या पद्धतीत टाइप केलेल्या मजकुराला नुसता फॉन्ट बदलून दिला तर अक्षरांचा कचरा होतो. तो युनिकोडमध्ये बदलावा किंवा पुन्हा टाइप करावा लागतो. नाव ओढून रुंद केलं की काने फुगतात आणि शिरोरेषा तेवढीच राहते. यात्रात हे फार विद्रूप दिसतं. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते. जागा उरत असेल तर आकार वाढवा. आउटलाइन द्यायची तर रंगाच्या मागे द्या, नाहीतर ब आणि द्ध यांच्या पोकळ्या बुजतात. कोपरे गोल ठेवा, म्हणजे वेलांटीच्या टोकाला काटे येत नाहीत.

मापाचा ढोबळ हिशोब दहा फुटांना एक इंच असा आहे. १० बाय ३ फुटांच्या बोर्डवर कडा सोडून ३० इंच उंची उरते, त्यातली जवळपास निम्मी मात्रा-उकार खातात. म्हणजे अक्षर सुमारे १५ इंच, वाचता येईल १५० फुटांवरून. खाली दुसरी ओळ घातली की अक्षर लहान होतं आणि हे अंतरही त्याच प्रमाणात घटतं.

प्रिंटला देताना मजकूर कर्व्हमध्ये (म्हणजे अक्षरांऐवजी नुसत्या आकारांत) बदला आणि न बदललेली फाइल स्वतःकडे ठेवा. पुढे फोन नंबर बदलला तर तीच लागते.