हिंजवडीतली सीएई ऑटोमेशनची नोकरी, फ्रेशर्ससाठी रिव्ह्यू

कंपनीचं नाव टाकत नाही, हिंजवडीत गाड्यांचं सिम्युलेशन (सीएई, म्हणजे कॉम्प्युटरवरच गाडीची टेस्ट) करून देणारी इंजिनिअरिंग सर्व्हिसेस कंपनी आहे एवढं पुरे. मी मेकॅनिकलची, पायथॉन बऱ्यापैकी येत होतं म्हणून जीईटी (ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी) म्हणून घेतल्यावर थेट ऑटोमेशन टीमला टाकलं. कोडिंग आवडतं पण कोअर, म्हणजे मेकॅनिकल, सोडवत नाही अशा पोरापोरींना हा जॉब मनापासून रेकमेंड करेन, फक्त टीम कुठली मिळते त्यावर सगळं आहे.

काम काय, तर मेशिंगवाले (गाडीच्या मॉडेलचे बारीक तुकडे, म्हणजे एलिमेंट पाडणारे) इंजिनिअर दिवसभर जे तेच तेच क्लिक करतात त्याच्या स्क्रिप्ट लिहायच्या. हायपरमेश या मेशिंगच्या सॉफ्टवेअरला टीसीएल ही भाषा, बाकी पायथॉन, रिपोर्टला एक्सेलचे जुने मॅक्रो, आणि सगळे रन लिनक्स क्लस्टरवर (एकत्र जोडलेले कॉम्प्युटर), तिथे बॅशशिवाय (लिनक्सच्या कमांडची भाषा) पान हलत नाही. टीसीएल आमच्या कॉलेजात कोणी नावही काढलं नव्हतं, सुरुवातीला डोकं फिरतं, मग हात बसतो.

एक उदाहरण देते. क्रॅशचं मॉडेल एलएस-डायना या सॉल्व्हरला (टकरीचं गणित सोडवणारं सॉफ्टवेअर) जातं. एलिमेंट साधारण ५ मिमीचा, स्टीलमधून आवाज सेकंदाला ५ हजार मीटरच्या आसपास जातो, आणि सॉल्व्हरची एक पायरी, म्हणजे टाइमस्टेप, आवाजाला एक एलिमेंट ओलांडायला लागतो त्या वेळेपेक्षा मोठी चालत नाही, म्हणून टाइमस्टेप साधारण १ मायक्रोसेकंद, आणि १२० मिलिसेकंदांच्या टकरीला १ लाख २० हजार स्टेप्स. आता कुठल्यातरी ब्रॅकेटच्या कोपऱ्यात अर्ध्या मिमीचा एकच एलिमेंट राहून गेला की अख्ख्या गाडीचा टाइमस्टेप दहापट खाली, रात्रीत संपणारा रन कितीतरी दिवस रखडतो. टाइमस्टेप वर ठेवायला मास स्केलिंग लावता येतं, पण मग सॉल्व्हर त्या एलिमेंटला वाढीव वजन चढवतो आणि असे एलिमेंट खूप झाले की रिझल्टवर भरवसा राहत नाही. माझं पहिलं धड काम हेच, जॉब क्लस्टरवर जायच्या आधी असे एलिमेंट शोधून पार्टच्या नावासकट यादी काढणारी स्क्रिप्ट. आमच्या लीड मॅडमनी आधी अट घातली, "तू स्वतः एक दरवाजा हाताने मेश कर, मग कोडला हात लाव." तो दरवाजा करताना जे कळलं ते कुठल्याच कोर्समध्ये कळलं नसतं. नंतर शेजारच्या टेबलावरचे लोक ती स्क्रिप्ट रोज वापरायला लागले, जास्तीचं काहीतरी मागायला लागले, तो आनंद वेगळाच हो!

अबॅकस या दुसऱ्या सिम्युलेशन सॉफ्टवेअरच्या २०२४ व्हर्जनला पायथॉन २.७ जाऊन ३ आलं तेव्हा जुन्या सगळ्या स्क्रिप्ट बदलायचं काम फ्रेशर्सच्याच गळ्यात पडलं, कंटाळवाणं आहे, पण दुसऱ्याचा कोड वाचायला मी तिथेच शिकले.

आता खटकलेलं. पगार सॉफ्टवेअर प्रॉडक्टवाल्या मित्रमैत्रिणींपेक्षा कमी. संध्याकाळी सगळे जॉब टाकतात तेव्हा सॉफ्टवेअरची मोजकी लायसन्स संपतात आणि स्क्रिप्ट टेस्ट करायला आपला नंबर शेवटी. क्लायंट जर्मनीचा, हिवाळ्यात साडेचार तास मागे, त्यांचे दुपारी साडेतीनचे कॉल म्हणजे आपले रात्री आठ, त्यानंतर वाकडकडे निघायचं म्हणजे ट्रॅफिक आहेच. पण हे सगळं चालवून घेता येतं. मला खरा त्रास झाला तो कोड बघणारं कोणी नसल्याचा. टीममध्ये सगळे मूळचे मेकॅनिकलवाले, गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं टूल) नव्हतं, शेअर्ड ड्राइव्हवर 'फायनल', 'फायनल नवीन' अशी फोल्डर, आणि चालतंय ना मग हात लावू नको ही वृत्ती. आयटीच्या मागे लागून लागून शेवटी गिट सर्व्हर मिळाला, पण कोड रिव्ह्यूची सवय अजूनही नाही. ज्याला पुढे सॉफ्टवेअरमध्येच जायचंय त्याने ही शिस्त बाहेरून शिकायची तयारी ठेवा, ओपन सोर्समध्ये काहीतरी करत रहा.

आणि टीमचं म्हणाल तर माझ्याच बॅचचा एकजण 'टूल सपोर्ट'मध्ये गेला, दिवसभर लायसन्सची तिकिटं आणि इन्स्टॉलेशन, एवढंच. म्हणून इंटरव्ह्यूला सरळ विचारा की बसायची जागा इंजिनिअर लोकांशेजारी की आयटीच्या रूममध्ये, गेल्या वर्षीच्या ट्रेनीने काय बनवलं, ते आज कोण वापरतंय. समोरच्याला एकही नाव घेता आलं नाही तर दुसरी ऑफर बघा. आमच्याकडे बॉन्ड होता आणि नोटीस ९० दिवसांची, एचआर तोंडी काहीही म्हणो, लेटर वाचल्याशिवाय सही करू नका.