एमडीबुक: एकाच अनुक्रमणिकेवर चालणारी मार्गदर्शिका, काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची मार्गदर्शिका गेले कित्येक महिने आम्ही एमडीबुकवर, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलींपासून पुस्तकासारखे संकेतस्थळ तयार करणाऱ्या साधनावर, चालवत आहोत. आधीच्या मांडणीत वर ड्रॉपडाउन मेन्यू, डावीकडे वेगळी यादी आणि तळाशी संबंधित दुव्यांचा पट्टा असा पसारा होता. बॅकअप परत घेण्याचे पान तिन्ही वाटांनी सापडत असे, पण त्याच्या आधी काय वाचायला हवे होते, हे एकाही वाटेने कळत नसे.

एमडीबुकमध्ये अशा पसाऱ्याला वावच नाही. ‘समरी’ नावाच्या एका मार्कडाउन (साध्या चिन्हांनी मांडणी दाखवणाऱ्या मजकुराच्या) फाइलमध्ये प्रकरणांची शीर्षके क्रमाने लिहायची आणि उपप्रकरणाची ओळ थोडी आत सरकवायची. डावीकडची अनुक्रमणिका, प्रकरणांचे क्रमांक आणि मागे-पुढे नेणारे बाण हे सर्व त्या यादीवरूनच तयार होते. यादीत नसलेल्या प्रकरणाचे पान तयारच होत नाही. हा नियम जाचक वाटू शकतो, परंतु माझ्या मते तोच या साधनाचा सर्वांत मोठा गुण आहे, कारण आपले पान कशानंतर वाचले जाणार, हे लिहिणाऱ्याला आधी ठरवावेच लागते. आमचे फुगत चाललेले ‘इतर’ हे प्रकरण त्यामुळेच मोडीत निघाले: जीएसटीच्या दरांची माहिती बीजकाच्या प्रकरणात गेली आणि प्रिंटरची जोडणी इन्स्टॉलेशनखाली आली.

शोधाची सोय ब्राउझरमध्येच चालते, त्यामुळे इंटरनेट नसलेल्या कार्यालयातही स्थानिक नेटवर्कवर ती वापरता येते. मात्र ती मुख्यतः इंग्रजी मजकुरासाठी बेतलेली आहे. देवनागरी पानांसाठी अनुक्रमणिकेवरच भिस्त ठेवावी लागते आणि म्हणून शीर्षके वाचकाच्या कामाच्या भाषेत असणे अत्यावश्यक ठरते. ‘कॉन्फिगरेशन’ऐवजी ‘नवे आर्थिक वर्ष सुरू करणे’ असे शीर्षक दिल्यापासून त्या पानाचा पत्ता विचारणारे फोन जवळपास थांबले आहेत.

यादी लांबली की उपप्रकरणे मिटवून ठेवण्याची सोय सेटिंगमधून चालू करता येते. पण ती लगेच चालू करू नये, कारण मिटलेले शीर्षक नवख्या वाचकाच्या नजरेस पडत नाही. सॉफ्टवेअरच्या जुन्या-नव्या आवृत्त्यांमध्ये ये-जा करण्याची सोय यात अंगभूत नाही, म्हणून आम्ही प्रत्येक आवृत्तीचे स्वतंत्र फोल्डर ठेवतो. शेकडो फंक्शन्सचे संदर्भ एकमेकांशी जोडायचे असतील, तर मुळात पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या दस्तऐवजीकरणासाठी घडवलेले स्फिंक्स हे साधन अधिक सोयीचे पडेल.