आई-बाबांसाठी कॅमेरा घ्यावा की लोकेशन?

मुलं पुण्या-बंगळुरात आणि आई-बाबा नाशकात, ही आता इंदिरानगर-गंगापूर रोडची घरोघरची गोष्ट आहे. दिवाळीला आलेला मुलगा जाता जाता हॉलमध्ये कॅमेरा लावून जातो. मीही लावला, म्हणून आधी त्याचंच सांगतो.

सोय खरी आहे. घरात वायफाय असेल तर अर्ध्या तासात काम होतं. कोणी घसरून पडलं तर दिसतं, दाराशी कोण आलंय तेही कळतं. पण आठवड्यातच आईने दुपारी दिवाणावर आडवं व्हायचं सोडलं. पंखा कुरकुरतो त्या आतल्या खोलीत जायला लागली. "तिथे पाय पसरून बसवत नाही रे," म्हणाली. एक दिवस फोनवर कॅमेरा उघडला तर नुसतं निळं दिसलं. तिने त्याच्यावर नॅपकिन वाळत घातला होता.

वॉशिंग्टन विद्यापीठातल्या बाट्या फ्रीडमन यांनी १९९० च्या दशकापासून माणसाची मूल्यं धरून तंत्रज्ञान घडवण्याची एक पद्धत मांडली. तिच्यात, जो यंत्र वापरत नाही पण ज्याला त्याची झळ बसते, त्याचाही विचार करावा लागतो. आमच्याकडे केर-फरशीला येणाऱ्या मावशी रोज त्याच कॅमेऱ्यासमोर वाकून फरशी पुसायच्या. त्यांना विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

आता लोकेशन. गुगल मॅप्सवर ते आपण बंद करेपर्यंत चालू ठेवता येतं, आणि समोरच्याच्या फोनची बॅटरीही दिसते. हे फार कामाचं, कारण फोन लागत नाही तेव्हा निम्म्या वेळा तो नुसता उतरलेला असतो. पण बाबा पांडवलेणीहून परतताना मिसळीच्या दुकानापाशी वीस मिनिटं थांबलेले दिसले, डॉक्टरांनी तर्री बंद केलेली, आणि मी फोन केला. करायला नको होता. दोन दिवस नीट बोलले नाहीत.

मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजमधल्या संशोधकांनी घरात ठेवायचं एक घड्याळ केलं होतं. घरातला माणूस घरी आहे, कामावर आहे, शाळेत आहे की आणखी कुठे, एवढंच ते दाखवायचं. गल्लीबोळ नाही. तसं काही बाजारात मिळालं तर मी आज घेईन.

तोवर माझं मत असं: घरात एकटं माणूस असेल आणि पडायची भीती असेल तर कॅमेरा घ्या, पण झाकण असलेला, आणि तोंड दिवाणाकडे नको, दाराकडे. विसरभोळेपणा वाढला असेल तर गुगल मॅप्स, अर्थात फोन खिशात राहत असेल तरच. हिंडत्या-फिरत्या माणसाला वॉट्सअॅपचं लाइव्ह लोकेशन पुरतं. १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास, मग आपोआप बंद. आणि पाठवायचं की नाही ते त्याच्या हातात.

बाबा आता लेणीच्या पायथ्याशी पोचले की स्वतःच एका तासाचं टाकतात. मिसळीच्या दिवशी टाकत नाहीत.