शॉकअप मूळचा, जाड की उलटा. आणि मग हँडल कोणतं

घरी मोटरसायकल बांधणारे बहुतेक जण हँडल आधी आणून ठेवतात आणि शॉकअपचा विचार नंतर करतात. क्रम उलटा हवा. हँडल टी वर (शॉकअपचे दोन्ही पाय धरणारी आडवी पकड, एक वर आणि एक खाली) बसतं, टी चॅसीच्या डोक्यात (पुढच्या तिरक्या नळीत) बसतो, आणि पुढचं चाक कुठे टेकणार हे त्या टी चा ऑफसेट (डोक्याच्या रेषेपासून पाय किती पुढे आहेत ते अंतर) ठरवतो. शॉकअपचा पाईप ३५ मिमीचा की ४३ चा हा प्रश्न त्यानंतरचा.

तुलनेसाठी एक गाडी धरू: २०२१ च्या आधीची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०. शॉकअप ३५ मिमी, ट्रॅव्हल (शॉकअप किती दबू शकतो ते अंतर) १३० मिमी, पुढे ९०/९०-१९ टायर, ग्राउंड क्लिअरन्स १३५ मिमी, व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) १३७० मिमीच्या आसपास. तुमची गाडी दुसरी असेल तर आकडे बदलतील, मोजायची पद्धत तीच राहील.

आधी कागद

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. नाक्यावर कोणी अडवलं नाही म्हणून प्रश्न मिटत नाही. खरी अडचण पंधरा वर्षांनी येते. आरसी नूतनीकरणाला गाडी मुंबईत ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवलीच्या आरटीओत तपासणीसाठी उभी करावी लागते. अपघाताचा क्लेम आला तर विम्याचा सर्व्हेयरही हेच बघतो. म्हणून जो बदल एका रविवारात परत मूळ रूपात आणता येईल, तो आणि जो येणार नाही तो, यांत फार मोठा फरक आहे. चॅसीचं डोकं कापून त्याचा कोन बदलणं हा दुसऱ्या जातीचा बदल. बऱ्याच गाड्यांवर चॅसी नंबर डोक्यावरच ठोकलेला असतो, तिथे ग्राइंडर लागला की गाडीची ओळखच गेली. या लेखात तो पर्याय धरलेलाच नाही.

पर्याय पहिला: मूळचाच शॉकअप, नीट केलेला

दिसायला काही नवीन नाही, म्हणून लोक याला नाक मुरडतात. पण दहा-बारा वर्षं मुंबईच्या पावसात फिरलेल्या गाडीचा शॉकअप 'मऊ' नसतो, मेलेला असतो. आतलं तेल काळं पाणी झालेलं असतं, बुश झिजलेले असतात आणि सीलच्या वरच्या पट्ट्यात क्रोमला खड्डे पडलेले असतात.

पाईप काढून व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) फिरवा आणि डायल गेज (वाक मोजणारं घड्याळ) लावा. वाक ०.२ मिमीच्या वर असेल तर नवीन पाईप घ्या. प्रेसवर सरळ करून देणारे भेटतील, पण एकदा वाकलेला पाईप पुढच्या खड्ड्यात तिथेच वाकतो. क्रोमला नखाला जाणवणारा खड्डा असेल तर नवीन सील चार दिवस टिकेल. चमकीचं क्रोम चढवून उपयोग नाही. हार्ड क्रोम करून वर ग्राइंडिंग हवं, आणि त्या खर्चात बहुधा नवा पाईप येतो.

तेल मिलिलिटरने मोजून ओतण्यापेक्षा पातळीने भरा. स्प्रिंग बाहेर, पाईप पूर्ण खाली दाबलेला, आणि वरच्या कडेपासून तेलापर्यंतचं अंतर दोन्ही पायांत सारखं. मग सॅग, म्हणजे वजनाने शॉकअप किती बसतो ते, बघा. चाक अधांतरी ठेवून एक माप घ्या, स्वार बसवून दुसरं. १३० मिमी ट्रॅव्हलला फरक ३५ ते ४० मिमी यावा. जास्त आला तर स्प्रिंगवर १० मिमीचा स्पेसर टाकून पुन्हा मोजा. स्प्रिंग कापून कडक करायचा उद्योग नको: कापलेली स्प्रिंग कडक होते हे खरं, पण कापलेलं टोक सपाट बसत नाही आणि पाईपला आतून घासत राहतं.

एक अट मात्र आहे. या गाडीत हेडलाइटचं कॅस्केट (हेडलाइट धरणारं धातूचं घर) हाच वरचा टी आहे, पाईप त्यातच आवळले जातात. म्हणजे मूळचा शॉकअप ठेवून गोल सुटा हेडलाइट आणि उघडे पाईप हवे असतील, तर वरचा टी वेगळा बनवावाच लागेल. हा खर्च सुरुवातीच्या हिशेबात कोणी धरत नाही.

पर्याय दुसरा: नेहमीच्याच रचनेचा, पण जाड ४१ मिमीचा टेलिस्कोपिक

रॉयल एनफिल्डच्याच इंटरसेप्टर ६५० किंवा जुन्या काँटिनेंटल जीटी ५३५ चा सेट. ट्रॅव्हल ११० मिमी, चाक १८ इंची, टायर १००/९०. या चाकाची त्रिज्या साधारण ३१९ मिमी आणि मूळच्या १९ इंचीची ३२२. जवळजवळ तेवढीच, त्यामुळे गाडीची बसण फारशी बिघडत नाही. पाईप जाड, ब्रेक लावल्यावर नाक वाकडं होत नाही, डिस्क मोठी.

हिमालयन ४११ चाही शॉकअप ४१ मिमीचाच आहे, म्हणून कोणी तो गळ्यात मारू पाहील. घेऊ नका. २०० मिमी ट्रॅव्हल आणि २१ इंची चाक बसवून क्लासिकचं नाक आभाळाकडे जातं.

घेताना सेट पूर्ण घ्या: वरचा-खालचा टी, चाक, एक्सल, स्पेसर, कॅलिपर, मास्टर सिलिंडर. नुसते दोन पाय स्वस्तात मिळाले म्हणून उचलले की उरलेल्या वस्तूंसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर महिनाभर चकरा. आणि बिल घ्या, शक्य तर ज्या गाडीचा माल आहे तिच्या आरसीची प्रत. शॉकअपच्या पायावर चॅसी नंबर नसतो, त्यामुळे माल कुठून आला हे सांगायला तुमच्याकडे त्या कागदाशिवाय काही नाही.

टी डोक्यात बसतो का, यासाठी तीन मापं व्हर्नियरने घ्या: टी च्या दांड्याचा (डोक्यातून जाणाऱ्या उभ्या दांड्याचा) व्यास जिथे बेअरिंग बसतं तिथे वर आणि खाली, डोक्यातल्या कपाचा आतला व्यास, आणि दोन बेअरिंगच्या बैठकींमधलं अंतर. आतला व्यास दांड्याचा आणि बाहेरचा डोक्याचा असं टेपर बेअरिंग नागदेवी स्ट्रीटला शोधलं तर बऱ्याचदा सापडतं. ३२००५ म्हणजे २५×४७×१५, ३२००६ म्हणजे ३०×५५×१७. दुकानदाराला मापं सांगितली की तो नंबर काढतो. नाही मिळालं तर लेथवर नवा दांडा. तो टी मध्ये प्रेसफिट बसला पाहिजे, ०.०२ ते ०.०३ मिमीच्या घट्टपणाने: टी शंभर-सव्वाशे अंशांना तापवायचा, दांडा रात्रभर फ्रीझरमध्ये. 'सैल आहे, पण वेल्डिंग मारून देतो' म्हणणाऱ्या लेथवाल्याचे आभार मानून बाहेर पडा. ॲल्युमिनियमच्या टीवर असं वेल्डिंग म्हणजे तिथली ताकद घालवणं.

पर्याय तिसरा: उलटा, म्हणजे यूएसडी (अपसाइड-डाउन: जाड नळी वर, क्रोमचा पाईप खाली)

केटीएम ड्यूकचा ४३ मिमीचा डब्ल्यूपी कंपनीचा सेट सेकंडहँडमध्ये सगळ्यात जास्त विचारला जातो. कारण उघड आहे, जाड पाय दिसतात छान. इथे हिशेब नीट करू.

ट्रेल म्हणजे डोक्याची रेषा जमिनीला जिथे लागते तिथपासून टायरच्या टेकण्यापर्यंतचं अंतर. ते कमी झालं की गाडी वळवळते, जास्त झालं की वळायला जड. उदाहरणाला डोक्याचा कोन (उभ्या रेषेपासून) २७ अंश, ऑफसेट ५०, चाक १९ इंची धरलं तर ट्रेल १०८ मिमी येतं. टी बदलून ऑफसेट ३२ झाला आणि चाक तेच ठेवलं तर १२८. गल्लीत यू-टर्न घेताना हे वीस मिमी खांद्यांना कळतात.

पण ड्यूकचं चाक १७ इंची असतं. ११०/७०-१७ धरलं तर त्रिज्या २९३. शिवाय शॉकअप मूळच्यापेक्षा ४० मिमी आखूड आहे असं समजू. नाक एकूण ६५ मिमीच्या आसपास खाली येतं, कोन अडीच-पावणेतीन अंशांनी उभा होतो, आणि ट्रेल फिरून ९७ वर येतं. म्हणजे चालवायला गाडी वाईट होत नाही, उलट चपळ होते. मार बसतो तो दुसरीकडे. नाक ६५ खाली म्हणजे इंजिनाखाली सुमारे ३०-३२ मिमी कमी. १३५ मधून ते गेले की सोसायटीच्या गेटवरच्या स्पीडब्रेकरला डबल स्टँड घासणार. मागे उंच शॉक लावून भरपाई केली तर कोन आणखी उभा आणि ट्रेल आणखी कमी. (२५ मिमीला साधारण एक अंश, एका अंशाला सहा मिमी ट्रेल, एवढं लक्षात ठेवलं की कागदावर अंदाज येतो.)

दुसरी गोष्ट पावसाची. उलट्या शॉकअपचा उघडा क्रोम पाईप चाकाशेजारी, चिखलाच्या माऱ्यात असतो. सील गेलं की तेल खाली गळतं, आणि खाली कॅलिपर आहे. मूळच्या शॉकअपवर रबरी बेलो चढवून सात पावसाळे काढता येतात. इथे दर आठवड्याला पाईप पुसणं हे काम मागे लागतं. वेळ नसेल तर हा पर्याय तुमचा नाही.

खालच्या टी चे पिंच बोल्ट (नळी आवळून धरणारे) पाहिजे तेवढेच आवळा, १२ ते १५ न्यूटन मीटर, टॉर्क पान्ह्याने. हाताने 'कच्चून' आवळले की बाहेरची नळी दबते, आतला पाईप अडकतो, आणि मग लोक स्प्रिंगला शिव्या घालतात. स्प्रिंग ड्यूकच्या वजनाची आहे, क्लासिक तिच्याहून जड, हेही विसरू नका; सॅग इथे पुन्हा मोजायचा.

तुमची मूळ गाडी एबीएसवाली असेल तर आणखी एक गाठ: दुसऱ्या चाकाच्या सेन्सर रिंगचे दात जुळले नाहीत की दिवा पेटून राहतो आणि एबीएस बंद पडतं. त्या गाडीवर शॉकअप बदलण्याआधी दोनदा विचार करा.

लांब केलेल्या चॉपर शॉकअपबद्दल थोडक्यात: नाक वर जाऊन कोन ३१ अंश झाला तर वरच्याच उदाहरणात ट्रेल १३५ होतं. सिग्नलच्या रांगेत, पायी चालण्याच्या वेगाला हँडल स्वतःहून एका बाजूला पडतं. पाईपच्या डोक्यावर जोड-तुकडा लावून लांबी वाढवलेला माल तर हातातही धरू नका.

मग हँडल

टी ठरला की निम्मं हँडल ठरतं. इंटरसेप्टरच्या टीवर रायझर (हँडल धरणारे उंच क्लॅम्प) येतात, त्यांवर नेहमीचं २२ मिमीचं हँडल बसतं. काँटिनेंटल जीटी ६५० चा वरचा टी क्लिप-ऑनसाठीचा (दोन सुटी अर्धी हँडलं, थेट शॉकअपच्या पाईपवर आवळलेली). टेपर हँडल (मध्ये जाड, टोकांना बारीक) क्लॅम्पपाशी २८.६ मिमी असतं; २२ च्या क्लॅम्पमध्ये ते बसत नाही, आणि २८.६ च्या क्लॅम्पमध्ये पत्र्याची पट्टी घालून २२ चं हँडल आवळायचं तर मुळीच नाही.

रोज दादर ते बीकेसी रांगेतून काढणाऱ्याला सरळ, थोडं मागे वळलेलं, ७०० मिमीच्या आसपासचं हँडल सगळ्यात सोयीचं. ॲप हँगर, म्हणजे खूप उंच हँडल, फोटोत राजा, पण मनगटं खांद्याच्या वर गेली की दहा मिनिटांत रक्त उतरतं, आणि क्लच, ॲक्सिलरेटर, ब्रेक पाईप, वायरिंग सगळंच लांब करावं लागतं. क्लिप-ऑन शॉकअपच्या पाईपच्या नेमक्या मापाचे घ्या, ३५ ला ३५ आणि ४१ ला ४१. घ्यायच्या आधी पूर्ण वळवून टाकी आणि मुठीमध्ये अंगठा मोकळा राहतो का बघा. राहत नसेल तर वळण मर्यादित करावं लागतं, आणि वळण कमी झालेली गाडी मुंबईच्या पार्किंगमध्ये दर वेळी तीनदा पुढे-मागे करावी लागते. गर्दीत क्लचवर तास काढणाऱ्याने क्लिप-ऑन रविवारच्या गाडीलाच ठेवावेत.

स्टीलचं हँडल पातळ ईआरडब्ल्यू (शिवण जोडलेल्या) नळीचं असेल तर वाकणाशी चिरतं. ॲल्युमिनियमचं एकदा वाकलं की सरळ करायचं नाही, फेकायचं. स्विचला आतून एक खुंटी असते, तिच्यासाठी हँडलला एकच छोटं भोक पाडा. वायरिंग आतून न्यायला मोठी भोकं पाडलीत तर रबरी ग्रोमेट हवाच. नाहीतर पहिल्या पावसाळ्यात हॉर्न आपोआप वाजायला लागतो.

बसवल्यावर

हेड बेअरिंग आधी आवळून बसवा, मग सुमारे पाव फेरा सोडा. चाक वर उचलून हँडल मधून हलकेच ढकललं की स्वतःच्या वजनाने बाजूला पडलं पाहिजे, अडखळत नाही. २००-३०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा, टेपर बेअरिंग तेवढ्यात बसतं.

टी वर थांब्याची खुंटी आहे का बघा. दुसऱ्या गाडीच्या टी ची खुंटी तुमच्या चॅसीच्या थांब्याला लागतेच असं नाही, आणि न लागल्यास थांबण्याचं काम टाकी करते. शॉकअप आणि टाकीत किमान १० मिमी मोकळीक हवी.

स्प्रिंग काढून, पट्ट्याने शॉकअप पूर्ण दाबून बघा: टायर मडगार्डला, खालच्या टीला किंवा सायलेन्सरच्या पाईपला लागतो का. मग उलट, पूर्ण ताणून आणि हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवून, ब्रेक पाईप ओढला जातो का. इंजिन चालू ठेवून हँडल वळवताना आरपीएम वाढला तर ॲक्सिलरेटर केबल तोकडी आहे. ब्रेक पाईप जोडणारे बँजो बोल्ट १० मिमीचेच असले तरी आटे १.० आणि १.२५ असे दोन पिचचे येतात. पहिले दोन आटे हाताने गेले नाहीत तर पान्हा लावू नका. तांब्याचे वॉशर दर वेळी नवे घ्या.

बजेट एकाच गोष्टीचं असेल तर रोजच्या गाडीला मूळचा शॉकअप नव्या पाईप-सीलसह आणि सरळ हँडल. लेथवाला भरवशाचा असेल आणि सेट पूर्ण मिळत असेल तर ४१ मिमीचा. उलटा शॉकअप पावसाळ्यात झाकून ठेवायच्या गाडीला.