क्लाउड ट्रान्सफर सर्व्हिस: सुरू करण्याआधी जागाच मोजत नाही

एका क्लाउडवरून दुसऱ्यावर फाइल्स थेट हलवून देणारी एक ऑनलाइन सर्व्हिस आहे, तिचा महिन्याचा प्लॅन घेतला होता. पाचपैकी दोन स्टार देतेय आणि ते पण फक्त सोप्या स्क्रीनसाठी, डावीकडे जुनं खातं, उजवीकडे नवीन, फोल्डरवर टिक केलं की झालं, आपल्या नेटवरून डाउनलोड अपलोड काही करावं लागत नाही.

माझ्या जुन्या गूगल ड्राइव्हचा वापर ५२ जीबी दिसत होता आणि नव्या ठिकाणी ७० जीबी रिकामी होती, म्हणजे आरामात बसायला हवं ना? रात्री लावून झोपले, सकाळी बघते तर नवीन खातं गच्च भरलेलं आणि शेकडो फाइल्सपुढे नुसतं "फेल्ड", कुठल्या फोल्डरमधल्या ते पण सांगत नाही. सपोर्टला लिहिलं तर उत्तर आलं की जागा वाढवून घ्या. अहो पण ५२ चे ७० च्या वर गेले कसे ते तरी सांगा!

ते मग मीच शोधलं. गूगल ड्राइव्हमध्ये फाइल ज्याच्या मालकीची त्याच्याच कोट्यात (खात्याला मिळालेल्या जागेत) धरतात, त्यामुळे दुसऱ्यांनी शेअर केलेले मोठमोठे फोल्डर माझ्या ५२ मध्ये नव्हतेच, पण कॉपी झाल्यावर नवीन ठिकाणी ती प्रत माझी आणि जागाही माझीच जाते. शॉर्टकटचं पण तेच, इथे नुसता शॉर्टकट असतो आणि तिकडे अख्खी फाइल जाऊन पडते. शिवाय १ जून २०२१ च्या आधी बनवलेले आणि नंतर हात न लावलेले गूगल डॉक्स, शीट्स कोट्यात मोजलेच जात नाहीत, ते वर्ड एक्सेल होऊन बाहेर पडले की त्यांना साइज येते. म्हणजे "वापरलेली जागा" आणि "हलवायचा डेटा" हे दोन वेगळे आकडे आहेत, आणि ज्यांचा धंदाच ट्रान्सफरचा आहे त्यांनी हे सुरू करण्याआधी सांगायलाच हवं.

त्यात रीट्राय दाबलं तर आधी गेलेल्या फाइल्स परत गेल्या, प्रत्येकीच्या नावापुढे (१) लागून. त्या डिलीट केल्या तरी जागा काही सुटेना, कारण ट्रॅशमधलं पण कोट्यात धरतात, तो रिकामा केल्यावर कुठे आकडा खाली आला.

शेवटी आरक्लोन नावाचं फाइल्स कॉपी करायचं सॉफ्टवेअर वापरलं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, पण कमांड टाइप कराव्या लागतात आणि डेटा आपल्याच कॉम्प्युटरमधून जातो त्यामुळे वेळ लागतो, ज्यांना सवय नाही त्यांना पहिला दिवस जड जाईल. पण याच्या साइज कमांडने जुन्या खात्यातला खरा आकडा दिला, ९६ जीबी! अबाउट कमांडने नव्याकडची रिकामी जागा दिसते. गूगल डॉक्सची साइज मात्र त्यालाही आधी कळत नाही म्हणून थोडी जागा मोकळी ठेवा. मी नको ते शेअर्ड फोल्डर वगळले, ड्राय रन (काही न हलवता नुसती चाचणी) करून यादी बघितली आणि मगच कॉपी लावली, मधे नेट गेलं तरी परत लावल्यावर झालेल्या फाइल्स सोडून पुढे गेली. एक कळकळीने सांगते, सिंक कमांड समजल्याशिवाय वापरू नका, जुन्या बाजूला ज्या फाइल्स नाहीत त्या ती नव्या बाजूच्या उडवते.

खूप जास्त डेटा गूगल ड्राइव्हवर नेणार असाल तर तिथे दिवसाला ७५० जीबीची अपलोड लिमिट आहे, जागा कितीही असो.

सर्व्हिसचा प्लॅन मी बंद केलाय. जुनं खातं अजून ठेवलंय, चेक कमांडने दोन्हीकडच्या फाइल्स ताडून बघणं चालू आहे, फोटोंचं झालं, कामाचे फोल्डर बाकी आहेत.